गोलजजनं तोंड उघडलं

आमची हॉकीची टीम सलग नऊ वर्षं हरली. पहिल्याच फेरीत आपटी खाऊन घरी आली असती तर बरं झालं असतं, आम्ही दुसरं काहीतरी बघायला गेलो असतो. पण नाही. ती सेमीफायनलपर्यंत यायची, कधी फायनलपर्यंत यायची, चांगली खेळायची, सगळ्यांना आस लावायची आणि मग हरायची. तेही बरीच वर्षं बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या आमच्याच औरंगाबादच्या टुर्नामेंटमध्ये, छावणीच्या मैदानावर, आमच्याच माणसांसमोर. कप बाहेरगावची टीम घेऊन जायची आणि आम्ही त्यांना स्टेशनवर सोडायला जायचो, कारण यजमान आम्हीच.

म्हातारे सांगायचे, ही पनवती अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनपासूनची. निजामाच्या काळात छावणीत म्हणे एकापेक्षा एक खेळाडू होते. नंतर कोणी हैदराबादला गेलं, कोणी सरहद्दीपार गेलं, आणि टीम पोकळ झाली ती झालीच. मला हे कधी पटलं नाही. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी पाळण्यात होतो, आणि ज्या टीमसाठी मी घसा फोडला तिच्यातले निम्मे तर जन्मलेही नव्हते. हरायला एवढं जुनं कारण कशाला पाहिजे? समोरचा दोन गोल करतो, आपण एकच करतो. संपलं.

मी औरंगपुऱ्यातल्या एका कचेरीत कारकून होतो. स्वतःला हॉकी कधी जमली नाही. स्टिक हातात घेतली की बॉल एकीकडं आणि मी एकीकडं. पण बघायला माझ्यासारखा बघणारा नव्हता, आणि ओरडायला तर नव्हताच नव्हता. मॅचभर मी लाइनीच्या कडेनं पळायचो आणि तोंडाचा पट्टा सोडायचो. आपल्यांना शिव्या, समोरच्यांना टोमणे, आणि अंपायरचं तर काही विचारूच नका. "साहेब, चष्मा घरी राहिला का?" हे त्यातलं सगळ्यात सभ्य. एका वर्षी एक अंपायर खेळ थांबवून माझ्याकडं चालत आले, शिट्टी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "घ्या, तुम्हीच घ्या मॅच." लोक खो खो हसले. मीही हसलो. टुर्नामेंटच्या कमिटीचे सेक्रेटरी मात्र हसले नाहीत.

पुढच्या वर्षी सेक्रेटरींनी मला घरी बोलावलं, भजी खाऊ घातली आणि म्हणाले, "यंदापासून तुम्ही गोलजज." गोलजज म्हणजे गोलच्या बाजूला, लाइनीच्या मागं खुर्ची टाकून बसणारा माणूस. हातात झेंडी. बॉल लाइनीपार गेला की झेंडी वर करायची, बस्स. मी खुळ्यासारखा खूश झालो. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "अहो, तुम्हाला गप्प बसवलंय त्यांनी." खरंच की! गोलजजनं मॅच चालू असताना अवाक्षर काढायचं नसतं. पण तोवर कमिटीची पांढरी टोपी माझ्या डोक्यावर चढलेली होती आणि ती काढायची मला लाज वाटली.

तेव्हापासूनचे सगळे पराभव मी चार पावलांवरून, दातांवर दात दाबून बघितले. माणसाला काय यातना असतात ते मला विचारा. आमचा बॅक बॉल सोडून हवेत स्टिक फिरवतोय, बॉल माझ्या नाकासमोरून गोलमध्ये जातोय, आणि मी काय करतोय? झेंडी वर करतोय! आपल्याच टीमवर झालेला गोल आपल्याच हातानं जाहीर करायचा. घरी गेलो की मी गच्चीवर जाऊन तासभर एकटाच बोलायचो, तेव्हा कुठं जेवण जायचं.

टीमचा सगळा भार दोघांवर होता. नावं लिहीत नाही. आम्ही हाक मारायचो तसं एकाला भाई म्हणतो, दुसऱ्याला दादा. भाई छावणीत राहायचे, सुतारकाम करायचे. दादांचं गुलमंडीत कापडाचं दुकान. दोघंही माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठे. भाई बोलायला गोड आणि हळू, दादा तापट. पण दादांच्या घरातलं दार, खिडकी, पाट, सगळं भाईंच्या हातचं होतं, आणि ईदेला दादा सकाळी भाईंच्या घरी जायचे ते दुपार कलल्यावरच परत यायचे.

पेनल्टी कॉर्नर मिळाला की एक जण गोललाइनीवरून बॉल बाहेर ढकलतो, समोर दुसरा तो थांबवतो आणि तिसरा मारतो. आमच्याकडं थांबवायचे भाई आणि मारायचे दादा. मैदान मुरमाचं. बॉल कधी सरपटत यायचा, कधी खड्यावर आपटून गुडघ्यापर्यंत उडायचा. भाई वाकून डावा हात टाकायचे आणि बॉल तिथंच मरायचा. तेव्हा हातानं थांबवायची मुभा होती. भाईंनी हात काढायचा अवकाश की दादांचा फटका, आणि गोलची फळी धाडकन वाजायची. इतक्या वर्षांत दादांची स्टिक भाईंच्या बोटांना एकदाही लागली नाही. आम्ही गोल करायचो तो बहुतेक असाच. खायचो त्याहून जास्त, ती गोष्ट वेगळी.

मग नियम बदलला. हातानं थांबवायचं नाही, स्टिकनंच थांबवायचं. परदेशात म्हणे सतरंजीसारख्या मऊ हिरव्या मैदानावर खेळतात, तिथं बॉल सरळ येतो. येत असेल. आमच्या मुरमाला कोणी विचारलं होतं का? पहिल्या वर्षी आमचा एकही कॉर्नर धड गेला नाही. बॉल भाईंच्या स्टिकवरून उडी मारून जायचा आणि दादा उगारलेली स्टिक तशीच धरून उभे. ते नववं वर्ष.

दहाव्या वर्षी भाईंनी सांगून टाकलं की हे माझं शेवटचं. गुडघा साथ देत नव्हता. त्यांच्या वडिलांनी याच मैदानावर कप उचलला होता. भाईंनी मात्र कप नेहमी दुसऱ्याच्या हातात बघितला. ते स्वतः असं बोलून दाखवणाऱ्यातले नव्हते, पण दादा प्रत्येकाला गाठून बजावत होते, "भाईला यंदा कप द्यायचा. काय वाट्टेल ते होऊ दे."

टुर्नामेंटच्या आधी महिनाभर रोज सकाळी प्रॅक्टिस लागली. मी ऑफिसच्या आधी सायकल मारत जायचो. अडचण एकच, भाईंचा हात. वीस वर्षांची सवय ती. दोन्ही हातांनी स्टिक धरून वाकायचे, आणि बॉल जरा उडाला की डावा हात आपोआप सुटून बॉलवर. ते स्वतःच कपाळावर मारून घ्यायचे. शेवटी दादा वैतागून मला म्हणाले, "तुझं तोंड फुकट वाया चाललंय. गोलमागं बस, आणि याचा हात सुटला की बोंबल."

भाई म्हणाले, "हौ, जोर से बोल. शरम आएगी तभीच सुधरूंगा मैं."

मला काय, आंधळा मागतो एक डोळा! मी रोज गोलमागं विटा रचून बसायचो. बॉल ढकलला, भाईंचा हात सुटला, की मी पोटातून ओरडायचो, "हात!" पहिल्या आठवड्यात माझा घसा बसला. पुढंपुढं तर मला त्यांचा हात बघायचीही गरज उरली नाही. डावा खांदा जरासा कलला की माझ्या तोंडातून शब्द बाहेर. शेवटच्या आठवड्यात मात्र ओरडायची पाळी क्वचितच आली. भाईंची स्टिक मुरमावर अशी सपाट पडायची की बॉल निमूट थांबायचा. दादांनी मला मिठी मारली. म्हणाले, "कप आला तर त्यात तुझ्या घशाचाही वाटा."

आणि टीम खेळली हो! फायनलला पोहोचली. समोर नेहमीसारखीच बाहेरची दांडगी टीम, सगळे रोज खेळणारे. अंपायर दोघंही बाहेरगावचे. मी टोपी घालून खुर्चीत. मैदानाभोवती माणसांची भिंत, झाडांवरही माणसं. एक-एक गोल झालेला. वेळ संपत आलेली, आणि आम्हाला कॉर्नर मिळाला. माझ्याच बाजूला.

ते पुढचे दोन क्षण मी आयुष्यात हजार वेळा बघितलेत. बॉल ढकलला. भाई वाकले. समोरचे चौघं गोलमधून सुटले ते थेट अंपायरच्या आडवे आले, त्याला काही दिसण्यासारखं नव्हतं. बॉल खड्यावर आपटून उडाला. भाईंचा डावा खांदा कलला, हात गेला. बॉल थांबला.

आणि मी ओरडलो, "हात!"

विचार करून ओरडलो नाही. देवाशपथ सांगतो, तोंड उघडलंय हे मला आवाज कानावर पडल्यावर कळलं. त्याच क्षणी दादांचा फटका बसला, फळी वाजली, सगळं मैदान उसळलं. टोप्या उडाल्या, लोक आत घुसले, दादा दोन्ही हात वर करून पळत सुटले. माझ्या हातातली झेंडी खालीच होती. अंपायर माझ्याकडं बघत होता. त्यानं शिट्टी ओठातून काढली आणि तो माझ्याकडं चालायला लागला.

तो मला विचारणार हे उघड होतं. काय सांगू? हात लागलेला मी बघितला होता. पण भाईंचा कप! नऊ वर्षं!

तो माझ्यापाशी पोहोचायच्या आत भाई मधे आले. लंगडत, पण झपाझप. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि अंपायरसमोर उभे राहून म्हणाले, "साब, हात लगा. मेरा हात लगा."

गोल रद्द झाला. जादा वेळेत समोरच्यांनी गोल मारला आणि आम्ही दहाव्यांदा हरलो. मी त्या गोलालाही झेंडी वर केली.

त्या गलक्यात माझं ओरडणं कोणाला कळलेलं दिसलं नाही. सगळ्यांनी बघितलं ते एवढंच की अंपायरला दिसलं नव्हतं आणि भाई आपल्या पायानं जाऊन सांगून आले. मग काय, सुरू झालं. "लई मोठा हरिश्चंद्र लागून गेला!" "गप बसला असता तर काय जीभ झडली असती?" जे मघाशी भाईंना खांद्यावर घ्यायला निघाले होते ते त्यांच्या तोंडावर बोलत होते. चार-दोन जण चांगलंही बोलले, नाही असं नाही. दादा मात्र कपडे बदलायच्या तंबूतून एकटेच बाहेर पडले आणि मागं न बघता सायकलवर बसून गेले.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी भाईंकडं गेलो. ते रंधा मारत होते. मी म्हणालो, "भाई, मी ओरडलो."

"सुना मैं."

"मग तुम्ही कशाला पुढं झालात?"

"हात लगा था ना? लगा था. झूट थोडी बोला."

"पण अंपायर मला विचारायला येत होता."

"वहीच तो." त्यांनी रंधा खाली ठेवला. "तू हाँ बोलता तो लोगां तेरे कू जीने नै देते थे. मेरे कू क्या, दो गाल्यां देंगे, चुप हो जाएंगे. बीस साल खेल्या हूं मैं."

मी तिथं त्यांच्या भुशात बसून रडलो. छत्तीस वर्षांचा बाप्या, दोन लेकरांचा बाप. शेवटी म्हणालो, "निदान दादांना तरी मी सांगतो."

भाईंनी रंध्यातला भुसा झटकून काढला. मग म्हणाले, "अबी नक्को. उसका दिमाग गरम है. ठंडा होने दे."

बस्स. एवढंच म्हणाले होते ते. "अबी नक्को." त्याचा मी "कधीच नको" असा अर्थ लावून घेतला, कारण तो मला सोयीचा होता. लिहायला बसलोय तर हे स्पष्टच लिहितो. मी भ्यालो होतो. दादांनी मला दुकानाची पायरी चढू दिली नसती, आणि पोरांनी रस्त्यात गाठलं असतं. ती टीम म्हणजे माझं सगळं होतं, आणि तिथून मला हाकलतील ही कल्पनाच मला सहन होत नव्हती.

आणि दादांचं डोकं काही थंड झालं नाही. त्या दिवसापासून ते भाईंशी बोलले नाहीत. ईदेला गेले नाहीत. समोरून भाई येताना दिसले की दादा गल्ली बदलायचे. भाईंच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा दादांनी दुकानातलं सगळ्यात भारी कापड निवडून माझ्या हाती पाठवलं, स्वतः आले नाहीत. भाईंनी कापडावरून हात फिरवला आणि मला विचारलं, "दादा नै आए?" मी म्हणालो, "दुकानात गर्दी होती."

मी मात्र दोघांकडं जात राहिलो. दर शनिवारी ऑफिस अर्ध्या दिवसाचं असायचं, तेव्हा दादांच्या दुकानात गादीवर टेकायचं, चहा घ्यायचा, टीमला शिव्या घालायच्या. टीम हरतच होती. पण पूर्वीसारखी जिवाला लागेल अशीही हरत नव्हती. पोरं क्रिकेटकडं गेली, बाहेरच्या टीमा यायच्या कमी झाल्या, आणि एका वर्षी टुर्नामेंट भरलीच नाही. कोणाला फारसं काही वाटलंही नाही. आम्ही दोघं त्यावर तासभर बोललो, आणि त्या तासात भाईंचा विषय निघाला नाही. दादा कधी कधी बोलता बोलता थांबायचे आणि माझ्याकडं नुसते बघत राहायचे. मी कपबशी उचलायचो.

अशी अकरा वर्षं गेली.

भाई गेले ते सकाळी, कामावर असताना. छातीत कळ आली आणि बसल्या जागी गेले. मला ऑफिसात निरोप आला. तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर दफनाला नेणार होते. मी तसाच उठलो आणि चालत गुलमंडीला आलो. रस्ताभर एकच विचार, दादांना नेलंच पाहिजे. आणि दादा नाही म्हणाले तर सांगायचं. आता तरी सांगायचं.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. दादा ठाण गुंडाळत होते. मी म्हणालो, "दादा, भाई गेले."

त्यांनी ठाण गुंडाळून पूर्ण केलं. फळीवर नीट ठेवलं. मग खाली बसले.

त्यांनी नाही म्हणायची मी वाटच बघितली नाही. घशात इतकी वर्षं अडकलेलं सगळं भडाभडा बाहेर आलं. म्हणालो, "दादा, भाई आपणहून नव्हते गेले अंपायरकडं. मी ओरडलो होतो. अंपायर माझ्याकडं येत होता. मला वाचवायला भाई पुढं झाले. चूक माझी होती, त्यांची नव्हती."

दादा म्हणाले, "मला ठावं आहे."

मला आधी कळलंच नाही. "काय ठावं आहे?"

"तू वरडलास ते. मी ऐकलं होतं. ऐकलं म्हणून तर इतक्या जोरात हाणला, म्हटलं अंपायरच्या कानात शिरायच्या आत फळी वाजू दे."

"मग... मग भाईंशी का बोलत नव्हता तुम्ही?"

"त्याला मी त्याच दिवशी तंबूत इचारलं. म्हटलं, आपला गोलजज वरडला ना रे? तर म्हणाला, नाय, कोणीच नाय वरडलं. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला. वीस वर्षं त्याच्या बोटांच्या शेजारी स्टिक मारली मी, आणि तो माझ्याशी खोटं बोलला. मी म्हणालो, खरं सांगशील त्या दिवशी बोलू. तो मानी, मी त्याच्याहून मानी." दादांनी डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच वाहू दिलं. "मग मला वाटलं, तो नाय सांगणार. त्यानं तुला शब्द दिला असंल. तू सांगशील. तू सांगितलंस की मी उठणार आणि छावणीत जाणार, असं ठरवूनच बसलो होतो. दर शनिवारी तू यायचास. चहा सांगायचो आणि मनात म्हणायचो, आज सांगंल."

मी त्यांचे पाय धरायला वाकलो. त्यांनी पाय मागं घेतले.

"आज सांगितलंस," ते म्हणाले. "आता मी कोणाशी बोलू?"

त्यांनी चपला घातल्या आणि पायऱ्या उतरून ते छावणीच्या दिशेनं चालू लागले. माझ्यासाठी थांबले नाहीत. मी त्यांच्या मागं चाललो, दहा-बारा पावलं अंतर ठेवून, थेट कबरस्तानापर्यंत.